बुळकांडी गेल्यानंतरचे सेरेंगेटी

पशुसंवर्धन खात्यात बत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला आफ्रिकेत काय पाहायचे आहे, असे विचारले की सिंह किंवा हत्ती हेच उत्तर लोकांना अपेक्षित असते. मला विल्डबीस्ट पाहायचे होते. गायीगुरांच्याच कुळातला हा प्राणी, डोके म्हशीसारखे जड, पाठ मागे उतरती, दाढी बोकडाची आणि शेपूट घोड्याची, असा काही फारसा देखणा नाही. पण टांझानियातल्या सेरेंगेटीच्या गवताळ मैदानांवर आज तो तेरा-चौदा लाखांच्या संख्येने वावरतो, आणि १९६० च्या सुमारास हीच संख्या अडीच लाखांच्या आसपास होती. मधल्या काळात गुरांमधली बुळकांडी (रिंडरपेस्ट) ही जीवघेणी साथ गेली, हे त्याचे मुख्य कारण. नोकरीच्या पहिल्या वर्षांत बर्फाच्या थर्मासमध्ये लसीच्या कुप्या सांभाळत मी स्वतः वाड्यावस्त्यांवर हिंडलो आहे आणि एकेका दिवशी दोन-दोनशे जनावरे टोचली आहेत. त्यामुळे तो रोग गेल्यावर काय होऊ शकते, ते एकदा डोळे भरून पाहावे, ही इच्छा मनात फार वर्षे होती.

मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त दार-एस-सलामला राहतात, म्हणून ती पुरी झाली. गेल्या फेब्रुवारीत आम्ही दोघे, ती दोघे आणि नऊ वर्षांची नात असे पाच जण विमानाने अरुशा भागात उतरलो आणि तिथून छत वर उचलता येणाऱ्या लँड क्रूझरने पुढे निघालो. स्वाहिलीत मोटारीला ‘गारी’ म्हणतात, म्हणजे आपली गाडीच. चपातीला ‘चपाती’ म्हणतात. आणि आजोबांना ‘बाबू’. आमचा चालक हाच मार्गदर्शकही होता आणि तो पहिल्या दिवसापासून मला ‘बाबू’ म्हणू लागला. नातीने सोबत एक वही घेतली होती. तिच्या खोलीच्या भिंतीवर प्राण्यांचा तक्ता आहे. त्यातला जो प्राणी दिसेल, त्याच्याविषयी तक्त्यात नसलेली एक तरी गोष्ट वहीत लिहायची, असे तिने ठरवले होते.

पहिला मुक्काम तारांगिरे राष्ट्रीय उद्यानात होता. आत शिरताच मला ओळखीचे झाड दिसले. कोकणच्या किनाऱ्यावर आणि देशावरही काही ठिकाणी जी जुनी, पिंपासारख्या खोडाची गोरखचिंच आढळते, तिचे मूळ गाव हे. आपल्याकडे ती व्यापाऱ्यांबरोबर समुद्रमार्गे आली असे मानतात. इथे तिची शेकड्याने झाडे होती आणि बहुतेकांची साल माणसाच्या उंचीच्या वरपर्यंत ओरबाडलेली होती. खोडात पाणी साठवणाऱ्या या झाडाची साल कोरड्या दिवसांत हत्ती सुळ्यांनी सोलून चघळतात. एका खोडात तर आरपार भगदाड पडले होते आणि तरीही वर पाने होती.

हत्तींचा पहिला कळप नदीच्या वळणावर भेटला. पुढे एक म्हातारी हत्तीण, मागे तिच्या मुली, नाती आणि त्यांची पिले. हत्तींचे कुटुंब असे माद्यांचेच असते. नर वयात आले की बाहेर पडतात. आपल्याकडे हत्तिणीला मोठे सुळे नसतात, इथे नर आणि मादी दोघांनाही असतात. आपल्या हत्तीच्या सोंडेच्या टोकाला बोटासारखा एकच अवयव असतो, यांच्या सोंडेला दोन असतात, आणि त्या दोन बोटांच्या चिमटीत एक लहान पिलू गवताची काडी पकडायला शिकत होते. काडी तीन वेळा पडली, चौथ्यांदा तोंडापर्यंत गेली. नातीने विचारले, ‘आजोबा, हत्ती कशामुळे म्हातारा होतो?’ मी तिला दातांविषयी सांगितले. हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच येतात. ते खालून वर न येता मागून पुढे सरकत येतात, झिजलेली दाढ पुढे गळून पडते आणि मागची तिची जागा घेते. दिवसाला दीडशे किलोपर्यंत चारा दळणाऱ्या जनावराला हे लागतेच, आणि शेवटचा संच झिजला की हत्तीची उपासमार सुरू होते. तिने वहीत लिहिले: ‘हत्ती दात संपले की मरतो.’ पण ज्या काळात हत्ती स्वतःच्या दातांमुळे नव्हे तर माणसाच्या हस्तिदंताच्या हव्यासामुळे मेले, तो काळही फार जुना नाही. टांझानियाच्या सरकारी गणनेप्रमाणे २००९ मध्ये देशात एक लाख नऊ हजारांच्या आसपास हत्ती होते आणि २०१४ मध्ये त्रेचाळीस हजार उरले होते. त्यानंतर शिकार बरीच आटोक्यात आली. त्या म्हातारीने ती पाच वर्षे कशी काढली असतील, हा विचार ती दिसेनाशी होईपर्यंत माझ्या मनातून गेला नाही.

जिराफांपाशी मात्र आम्ही नियोजनापेक्षा बराच वेळ थांबलो, आणि तो माझ्या आग्रहामुळे. जिराफाच्या मानेत माणसाइतकेच, म्हणजे सातच मणके असतात. डोक्यापर्यंत रक्त चढवण्यासाठी त्याचे हृदय अकरा किलोपर्यंत वजनाचे असते आणि रक्तदाब आपल्या दुप्पट असतो, हे पुष्कळांना माहीत असते. पण जिराफ रवंथ करतो आणि ते बाहेरून दिसते, याकडे फारसे कोणी लक्ष वेधत नाही. एक मादी बाभळीच्या सावलीत उभी होती. तिचा जबडा हलायचा थांबला, घास खाली गेला, आणि क्षणभराने मानेच्या तळाशी कातडीखाली मुठीएवढा फुगवटा दिसला. तो त्या दीड-दोन मीटरच्या मानेतून सरसर वर चढला आणि तोंडात पोहोचताच जबडा पुन्हा आडवा हलू लागला. गायीच्या गळ्यातून वर येणारा घास मी हजारो वेळा पाहिला आहे. तीच क्रिया इतक्या लांबीवर, इतकी स्पष्ट पाहताना मला जो आनंद झाला, तो आमच्या गाडीत माझ्या सौभाग्यवतींनाच पुरता कळला असावा, कारण त्यांनीही बत्तीस वर्षे गोठ्याच्या गोष्टीच ऐकल्या आहेत.

तारांगिरेच्या झाडीत त्सेत्से माश्या आहेत. निळे आणि काळे कपडे घालू नका, असे मार्गदर्शकाने आदल्या रात्रीच बजावले होते, कारण त्या रंगांकडे ही माशी ओढली जाते. झाडांना जागोजागी निळ्या-काळ्या कापडाचे सापळे टांगलेले होते. ही माशी ज्या परजीवींमुळे माणसात निद्रारोग आणि गुरांत ‘नागाना’ हा रोग पसरवते, त्यांच्याच जवळचा परजीवी आपल्याकडे घोड्यांना आणि उंटांना सर्रा हा रोग देतो. इथल्या वन्य प्राण्यांच्या अंगात हे परजीवी असतात, पण ते सहसा आजारी पडत नाहीत. पाळीव गुरे मात्र मरतात. आफ्रिकेतले मोठमोठे प्रदेश शेती आणि गुरचराईपासून वाचले, त्यात या माशीचा वाटा मोठा आहे. झेब्र्याच्या पट्ट्यांचे कोडेही बहुधा माश्यांपाशीच सुटते. पट्टे शत्रूला चकवण्यासाठी असतात असे आम्ही शाळेत शिकलो होतो. पण गेल्या काही वर्षांतल्या प्रयोगांत असे दिसले आहे की चावऱ्या माश्या पट्टेदार अंगाजवळ येतात खऱ्या, पण त्यांना नीट बसता येत नाही. साध्या घोड्यावर पट्ट्यांचे पांघरूण घातले तरीही हाच फरक पडतो. झेब्र्याला स्वाहिलीत ‘पुंडा मिलिया’, म्हणजे पट्ट्यांचे गाढव म्हणतात, आणि नातीला ते नाव इतके आवडले की पुढचे सारे दिवस तिने झेब्रा हा शब्द वापरलाच नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही न्गोरोन्गोरोच्या कड्यावर पोहोचलो. वीस-तीस लाख वर्षांपूर्वी एका प्रचंड ज्वालामुखीचा माथा आत खचून हा कटोरा तयार झाला. तळ सुमारे २६० चौरस किलोमीटरचा, कडा त्याच्यावर सहाशे मीटर उंच. कड्यावर धुके आणि गारठा होता, आणि रस्त्याच्या कडेला दगडांच्या साध्या राशीचे एक स्मारक होते. जर्मनीचे पशुवैद्यक आणि प्राणिसंग्रहालयाचे संचालक बर्नहार्ड ग्झिमेक आणि त्यांचा मुलगा मिखाएल यांनी १९५७ ते १९५९ या काळात झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेल्या छोट्या विमानातून सेरेंगेटीतल्या कळपांची पहिली हवाई मोजणी केली. जानेवारी १९५९ मध्ये विमान एका गिधाडाला धडकले आणि चोविसाव्या वर्षी मिखाएल गेला. वडील १९८७ मध्ये वारले, त्यांच्या अस्थीही मुलाशेजारी ठेवल्या आहेत. मी तिथे हात जोडले. ज्याने जनावरे मोजली, त्याच्यामुळेच पुढच्यांना ती वाढली की घटली हे कळले.

विवरात सकाळी सहाला उतरता येते. तळाशी हिरवळ, मध्ये खाऱ्या पाण्याचे सरोवर, त्यावर रोहित पक्ष्यांची गुलाबी किनार, आणि सुमारे पंचवीस हजार मोठे प्राणी. जिराफ नाही, भिंती उभ्या आहेत आणि त्याच्याजोगी झाडी कमी आहे. एक काळा गेंडा दिसला, फार दूर, दुर्बिणीतही बोटाएवढा. आपल्या काझीरंगाच्या गेंड्याला एक शिंग, याला दोन. आणि शिंग म्हणजे हाड नव्हे, केस आणि नखे ज्या केराटिनची असतात त्याचेच ते बनलेले. त्या केराटिनपायी १९७० मध्ये पासष्ट हजारांच्या आसपास असलेले काळे गेंडे १९९५ पर्यंत अडीच हजारांच्या आत आले होते. आता ते सहा हजारांच्या वर गेले आहेत. तो ठिपका उंच गवतात शिरेपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही.

सिंह अगदी जवळून पाहिले. दोन माद्या आणि एक आयाळ गडद झालेला नर आमच्या गाडीच्या सावलीतच येऊन पडले. दिवसाचे अठरा-वीस तास सिंह असेच पडून असतो. नराच्या मिशांच्या मुळाशी काळ्या ठिपक्यांच्या रांगा होत्या. त्यांची मांडणी प्रत्येक सिंहाची वेगळी असते आणि १९६६ पासून सेरेंगेटीत चालू असलेल्या अभ्यासात संशोधक त्यांवरूनच एकेक सिंह ओळखतात. नराच्या कानामागे चावऱ्या माश्यांनी फोडलेली कातडी रक्ताळलेली होती. १९६२ मध्ये या विवरात पावसानंतर अशाच माश्यांचा इतका प्रकोप झाला की जखमांनी आणि उपासाने सिंह मेले आणि जेमतेम दहा-पंधरा उरले. आजचे सिंह बहुतांशी त्या मोजक्या उरलेल्यांचे वंशज आहेत, आणि जवळच्या नात्यातल्या संकराचे परिणाम त्यांच्यात मोजले गेले आहेत. १९९४ मध्ये कुत्र्यांमध्ये आढळणाऱ्या डिस्टेंपरने सेरेंगेटीतले एक तृतीयांश सिंह, म्हणजे सुमारे एक हजार, नेले. जंगलाच्या राजाला धोका कोणाचा, असा प्रश्न नातीने विचारला होता. माशीचा आणि कुत्र्याच्या विषाणूचा, हे उत्तर तिला पटायला वेळ लागला. आपल्या गीरमध्ये आणि भोवतालच्या सौराष्ट्रात मिळून २०२५ च्या गणनेत ८९१ सिंह मोजले गेले. एकाच प्रदेशात इतके सिंह असण्याची चिंता जाणकार का करतात, ते इथे उमगते.

त्याच दुपारी तरसांनी मारलेले एक झेब्र्याचे शिंगरू आणि ते हिसकावायला आलेली सिंहीण पाहिली. तरस मेलेले खातो आणि सिंह शिकार करतो, ही समजूत याच विवरात मोडली. हान्स क्रूक यांनी १९६० च्या दशकात रात्ररात्र जागून दाखवून दिले, की ठिपकेवाले तरस आपले बहुतेक अन्न स्वतः मारतात आणि पुष्कळदा सिंहच त्यांच्या तोंडचा घास काढून घेतो. यांच्या टोळीत माद्या मोठ्या आणि वरचढ असतात; मुलीला आईचा मान मिळतो. दात आणि जठर असे की हाडेही पचतात, आणि म्हणून वाळलेली विष्ठा चुन्यासारखी पांढरी दिसते. माळावर आपल्याकडे पट्टेवाला तरस आढळतो. तो एकटा फिरणारा आणि बुजरा. लोक दोघांनाही कुत्र्याच्या जातीचे समजतात, वास्तविक तरसाचे नाते मांजर-मुंगूस यांच्याशी अधिक जवळचे आहे.

तिथून पश्चिमेला उतरलो, तेव्हा झाडे हळूहळू विरळ झाली आणि एका टप्प्यावर संपलीच. मासाई भाषेतल्या ज्या शब्दावरून सेरेंगेटी हे नाव आले, त्याचा अर्थ न संपणारे मैदान असा सांगतात. झाडे नसण्याचे कारण पायाखाली होते. ओल दोइन्यो लेंगाई आणि त्याच्या शेजारच्या ज्वालामुखींची राख इथे हजारो वर्षे साचली. तिचा खाली दगडासारखा घट्ट थर झाला, त्यात झाडांची मुळे शिरत नाहीत. पण त्या राखेतून येणाऱ्या आखूड गवतात कॅल्शियम, फॉस्फरस अशी खनिजे भरपूर असतात. दुभत्या गाईला खनिज मिश्रण द्या, हे मी आयुष्यभर शेतकऱ्यांना सांगत आलो. इथे लाखो गाभण माद्या नेमक्या त्याच गरजेपोटी दर वर्षी पाऊस पडताच शेकडो किलोमीटर चालून या गवतावर येतात आणि ते वाळले की परत उत्तरेकडे निघतात.

न्डुटूच्या तंबूंत आमचा तीन रात्री मुक्काम होता. पहिल्या रात्री विल्डबीस्टचा आवाज ऐकला, ‘ग्नू, ग्नू’ असा, हजारो गळ्यांतून एकदम येणारा; आणि पहाटेच्या सुमारास त्यावर सिंहाची डरकाळी, जी शांत हवेत आठ किलोमीटरपर्यंत जाते असे म्हणतात. सकाळी बाहेर पडलो तर नजर जाईल तिथवर जनावरेच होती. मी वैद्याच्या नजरेने आधी त्यांची तोंडे पाहिली. झेब्र्याला घोड्यासारखे वर-खाली दोन्ही पुढचे दात असतात आणि त्याचा चारा मोठ्या आतड्यात आंबतो, म्हणून तो उंच, जाडेभरडे गवतही कातरून खातो आणि पुष्कळ खाऊन भागवतो. विल्डबीस्टला गायीसारखे वरचे पुढचे दात नाहीत आणि रवंथाला वेळ लागतो, म्हणून त्याला खालची पानेदार वाढ हवी. त्या दोघांनी मोकळ्या केलेल्या जागी फुटणारे कोवळे कोंब थॉमसनचे हरीण आपल्या निमुळत्या तोंडाने वेचते. आळीपाळीची चराई म्हणून आम्ही जे शिकवायचो, ते इथे कोणी न शिकवता चालू होते.

नऊच्या सुमारास मार्गदर्शकाने गाडी थांबवली आणि बोट दाखवले. चाळीस पावलांवर एक मादी उभी होती, शेपूट वर, आणि मागे दोन लहान पिवळसर खूर बाहेर आलेले. खूर सरळ आहेत, पुढचे पाय आहेत, हे पाहून मला हायसे वाटले. इतक्या वर्षांची सवय जात नाही. ती बसली, उठली, चार पावले पळाली, पुन्हा आडवी झाली. पायांवर टेकलेले नाक दिसले, मग डोके, आणि खांदे सुटताच सारे वासरू एकदम घसरून गवतावर आले, ओले, फिक्या बदामी रंगाचे. आईने ते चाटायला सुरुवात केली. मी घड्याळ लावले. वासरू पुढच्या गुडघ्यांवर आले, पडले. मागचे पाय ताणले, तोंडावर आपटले. तिसऱ्यांदा चारही पाय फाकून उभे राहिले आणि डुलत डुलत आचळ शोधू लागले. सात मिनिटे झाली होती. आपल्या गायीच्या वासराला यासाठी सहज अर्धा-पाऊण तास लागतो. आईची वार अजून लोंबत होती, आणि ते वासरू तिच्या कुशीला धरून दुडक्या चालीने निघालेही होते. नात माझा हात घट्ट धरून उभी होती. तिने त्या वेळी वहीत काहीच लिहिले नाही.

ही सारी वीण एकाच वेळी होते. दोन-तीन आठवड्यांत चार-पाच लाख वासरे जन्मतात, आणि बहुतेक दुपारच्या आत. तरस, सिंह, चित्ते खातात, पण खाऊन किती खातील. बाकीची वासरे तोवर पळण्याजोगी होतात. आईपासून चुकलेले वासरू मात्र हलणाऱ्या कशाच्याही मागे जाते. एक आमच्या गाडीच्या मागे लागले होते. मार्गदर्शकाने इंजिन बंद करून ते कळपाकडे वळेपर्यंत वाट पाहिली. ते आईपर्यंत पोहोचले की नाही, ते आम्हाला दिसले नाही.

आता बुळकांडीविषयी सांगतो. १८८७ च्या सुमारास इटालियन सैन्यासाठी तांबड्या समुद्रावरच्या मसावा बंदरात उतरवलेल्या गुरांबरोबर हा रोग पूर्व आफ्रिकेत शिरला. ती गुरे भारतातून गेली होती असे पुष्कळ इतिहासकार मानतात. दहा वर्षांत तो खंडाच्या दक्षिण टोकाकडे पोहोचला. वाटेतली ऐंशी-नव्वद टक्के गुरे गेली, रानम्हशी आणि विल्डबीस्ट गेले, आणि गुरांवरच जगणारे मासाई उपाशी मेले. याच सुमारास, १८८९ मध्ये, गुरांच्या साथींच्या अभ्यासासाठी पुण्यात एक प्रयोगशाळा निघाली. तीच पुढे मुक्तेश्वरला गेली आणि आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली. आफ्रिकेत रोग नंतर ठाण मांडून बसला. चिकातून मिळालेली प्रतिकारशक्ती काही महिन्यांत ओसरली की विल्डबीस्टची वासरे दर वर्षी मरत. वन्य प्राणीच रोग जपून ठेवतात आणि गुरांना देतात, असा तेव्हा अनेकांचा समज होता. १९६० च्या सुमारास केनियात मुगुगा येथे वॉल्टर प्लोराइट यांनी पेशींवर वाढवलेली लस तयार केली, सेरेंगेटीभोवतालच्या गुरांना लसी टोचल्या गेल्या, आणि १९६३ पर्यंत विल्डबीस्टमधला रोग आपोआप थांबला. त्यांना कोणी एकही सुई टोचली नव्हती. रोग गुरांतून तिकडे जात होता, हे असे सिद्ध झाले. १९७७ पर्यंत त्यांची संख्या तेरा लाखांच्या पुढे गेली. इतक्या तोंडांनी गवत खाल्ल्यावर वणव्यांना जळण उरेना. वणवे घटले, तशी बाभळीची रोपे जगू लागली. म्हणजे उत्तरेकडे ज्या तरुण झाडीत आज जिराफ चरतात, तिच्यातही त्या लसीचा अंश आहे. भारतातला शेवटचा उद्रेक १९९५ चा. आणि २०११ मध्ये साऱ्या जगातून बुळकांडी गेल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने समूळ घालवलेला हा दुसराच रोग आहे.

शेवटच्या संध्याकाळी एक चित्ता दिसला, मादी, सोबत दोन पिले. डोळ्यांपासून तोंडापर्यंत उतरलेल्या काळ्या रेषा, कुत्र्यासारखी पूर्ण आत न जाणारी नखे, आणि पिलांना बोलावताना पाखरासारखा किलबिलाट. चित्ता डरकाळी फोडू शकत नाही. आपण मराठीत बिबट्यालाही सर्रास चित्ता म्हणतो, आणि खरा चित्ता आपल्या विस्मरणात गेला हेच त्यातून दिसते. कोल्हापूर संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळले जात, त्यांना सांभाळणाऱ्यांना चित्तेवान म्हणत, आणि देशातले चित्ते दुर्मीळ झाले तेव्हा ते आफ्रिकेतून मागवले जात. १९५२ मध्ये तो भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. २०२२ पासून कुनोत आफ्रिकेतले चित्ते आणून सोडले आहेत. त्या दोन पिलांना आईच्या शेपटीशी खेळताना पाहून कुनोतल्या पिलांनाही असेच दीर्घ, निर्धास्त दिवस मिळावेत असे मनापासून वाटले.

परतीच्या वाटेवर न्गोरोन्गोरोच्या उंच पठारावर मासाई गुराखी भेटले. खाली आखूड गवत इतके उत्तम असताना गुरे वर का, असे मी विचारले, आणि उत्तर ठाऊक असूनही ते त्यांच्या तोंडून ऐकायचे होते. विल्डबीस्टच्या वासरांच्या नाका-डोळ्यांच्या स्रावातून गुरांना एक जीवघेणा ताप लागतो. विल्डबीस्टला स्वतःला त्याचे काही होत नाही. म्हणून वीण चालू असेपर्यंत मासाई आपली गुरे त्या कुरणापासून दूर ठेवतात. विषाणूचा शोध लागण्याच्या फार आधीपासून ते हे करीत आले आहेत. १९५९ मध्ये सेरेंगेटी उद्यानातून त्यांना बाहेर पडावे लागले आणि न्गोरोन्गोरोतल्या त्यांच्या वस्तीवर आजही टांगती तलवार आहे. ज्यांना या जमिनीची इतकी जाण आहे त्यांनाच आधी हलवले जावे, हे मला पटले नाही.

मी गुरांचा वैद्य आहे, हे मार्गदर्शकाने त्यांना सांगितले. बुळकांडीला स्वाहिलीत ‘सोटोका’ म्हणतात. तो शब्द उच्चारताच एका वृद्धाने मान हलवली आणि गुरांची सोटोका गेली, शेळ्यांची आहे, असे सांगितले. आपल्याकडेही पीपीआर या रोगाला शेतकरी शेळ्यांची बुळकांडीच म्हणतात, हे मी त्याला कळवले तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहून हसला. मग त्याने एका मुलाला हाक मारली. मुलाने कळपातून एक पांढरी शेळी ओढत आणली. तिचे नाक दोन दिवस वाहत होते. मी रस्त्याकडेलाच गुडघ्यावर बसलो, मुलाने शिंगे धरली, आणि मी तिचा खालचा ओठ दुमडून पाहिला. हिरड्या गुलाबी होत्या, जिभेखाली व्रण नव्हते, तोंडाला वास नव्हता, शेपटीखालची लोकर कोरडी होती. कान हातात धरले, तापलेले नव्हते. नात माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती.

‘सोटोका नाही,’ मी म्हणालो. ते मार्गदर्शकाला भाषांतरित करावे लागले नाही.